उंबऱ्यासाठी राखलेलं नाव

"नाव घेतल्याबिगर मुसळाक हात लावूचो नाय हां! सांगान ठेवतंय!"

आईचा आवाज. कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या लुगड्याला हळदीचा वास राहतो, तसा तो शेवंतीच्या कानात पन्नास वर्षं राहिला होता.

थोरल्या ताईचं लग्न होतं तेव्हाचा तो आवाज. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या परबांच्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध गावाहून एसटीच्या टपावरून आणलेलं उखळ, आणि आंब्याच्या डहाळीनं एकत्र बांधलेली दोन मुसळं. लग्नाआधी हळद कुटायची, त्याला म्हणायचं घाणा भरणं. परबांच्या घरची रीत अशी की हळकुंडावर पहिला घाव घालायचा तो घरच्या लेकीनं, आणि तोही नवऱ्याचं नाव घेऊन. उखाण्यात गुंफून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी मान होता आत्याचा, आत्या पदर तोंडात कोंबून लाजत होती आणि आई, सखुबाई, तिच्यावर ओरडत होती.

नाव घेऊन झालं. मुसळं पडू लागली. आईनं गळा मोकळा सोडला.

घाणा भरा गो बायांनो, हळद झाली पिवळी,
दारी आंब्याची डहाळी, लेक माझी कोवळी.

दुसरी ओळ संपते न संपते तोच खाली चौकातून ट्रम्पेटनं तीच ओळ परत म्हटली. बाया हसल्या. आईनं पुढची ओळ घेतली, ट्रम्पेटनं तीही घेतली, जराशी वाकडी, जराशी वरच्या पट्टीत.

"कोण रे तो? माझां गाणां चोरता?" आई गॅलरीत येऊन ओरडली.

शेवंतीचा भाऊ गंगाधर कठड्यावर ओणवून पोट धरून हसत होता. "आये, तो इनास. परळच्या रात्रशाळेत माझ्या बाकावर बसता. बँड त्येचोच." आणि खाली बघून, दोन्ही हातांचा भोंगा करून, "इनासा, तुझ्या पिपाणीक सूर नाय रे!"

सगळी चाळ हसली. खालून एक उंच, सावळा पोरगा ट्रम्पेट छातीशी धरून वर बघत उभा होता. तो इनास परेरा. माझगावचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती, दिवसा गोदीत वेल्डर, लग्नसराईत बँडवाला. बँडवाल्यांना चहा देतात तसा त्यालाही दिला, गॅलरीत, उंबऱ्याच्या बाहेर. कपबशी न्यायचं काम शेवंतीचं. त्या दिवशी उंबऱ्याच्या आतून बाहेर चहा गेला. वर्ष सरता सरता शेवंतीही गेली.

त्यानंतर या घरात इनासचं नाव कुणी घेतलं नाही. गंगाधरनं बंदीच घातली. लोक समजत, धर्मावरून रागावला. धर्म होताच. पण आईपाशी एकदाच तो फुटला होता. "माझ्या डब्यातला खाल्ल्यान, आये. माझ्या बाकावर बसलो. आणि माका एका शब्दान सांगल्यान नाय." तिकडे माझगावात इनासच्या आईनं दाराला आतून कडी घातली. फादर म्हणाले, मुलीनं आधी बाप्तिस्मा घ्यावा, मग बघू. इनास म्हणाला, "तिला तिचा देव आहे, फादर. तिला सोडून तो तरी कुठं जाईल?"

मग रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या झाल्या. साक्षीला बँडमधले दोघे, त्यातला एक घाईत ढोल खाली ठेवायचाही विसरला होता. फोटो निघाला. पेढे वाटले. पण "नाव घे गो" म्हणायला त्या खोलीत एकही बाई नव्हती.

टॅक्सीत बसल्यावर इनास म्हणाला, "घे की आता. मी एकटा ऐकतो."

"तुम्हांला ऐकवायला नाव घेतात होय?" शेवंती म्हणाली. "नाव माहेरच्या उंबऱ्यात घेतात. कुणीतरी विचारल्यावर. तिथं विचारतील तेव्हा घेईन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर राहील माझ्यापाशी. नासणारं नाय ते."

ते राहिलं. कॅनडात हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात इनासला काम मिळालं. गुडघाभर बर्फ, भाड्याचं घर, मग स्वतःचं घर, दोन मुलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर गणपती आणि वांद्र्याची मोत माउली शेजारी शेजारी बसले, आणि शेवंती म्हणे की त्या दोघांचं एकमेकांशी बरं जमतं, भांडतो ते आपण. ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत ती मटण शिजवायची नाही. चतुर्थीला इनास मोदक वळायला बसायचा आणि त्याच्या मोदकांना नाक यायचं, कळी यायची नाही. इनासच्या आईची कडी सहाव्या वर्षी निघाली, पहिल्या नातवाचा फोटो बघून. माझगावच्या घरात दर मे महिन्यात बाया जमून बाटलीचा मसाला कांडायच्या, लाकडी मुसळांनी, गाणी म्हणत. सासूनं त्या मसाल्याचं प्रमाण फोनवरून शेवंतीला सांगितलं. शेवंतीनं तो हॅमिल्टनच्या गॅरेजात कुटला, इनासनं कारखान्यातल्या पाइपाचं करून दिलेल्या मुसळानं. आवाज ऐकून शेजारीण पोलिसांना बोलवायला निघाली होती. तिला एक बाटली दिली, तेव्हापासून दरवर्षी तीच विचारते, कधी कुटणार?

एवढं सगळं झालं. पण नाव नाही. मराठी मंडळात हळदीकुंकवाला बाया आग्रह करत, शेवंती म्हणे, "माझं राहू द्या." इस्पितळात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं तर ही पर्समधून त्याचं कार्ड काढून पुढे करायची. एका नर्सनं हळूच इनासला विचारलंही, तुमच्या बायकोला विसरायचा आजार आहे का? तो आठवडाभर हसत होता.

हसायचा, पण कधीमधी बर्फ उपसता उपसता थांबून म्हणायचा, "शेवंते, एकदा ऐकायचं होतं गो."

सीमाचा फोन आला तो गेल्या दिवाळीनंतर. सीमा म्हणजे गंगाधरची सून, उत्तमची बायको. तिची लेक नूपुर, तिचं लग्न ठरलं होतं. शेवंतीनं सीमाला फक्त व्हिडिओवर पाहिलेलं.

"आत्या, तुम्हांला यायला लागेल," सीमा म्हणाली. "सखुआजींनी जाताना माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाल्या, पुढच्या घाण्याचो पहिलो मान शेवंतीचो. मधे आमच्या घरात मुलीचं लग्नच नाही झालं. आता झालं. आणि लग्न झालं की महिन्यात चाळ खाली करायची आहे. टॉवर होणार. मग ना ही खोली, ना हा उंबरा."

शेवंतीनं विचारलं, "दादा काय म्हणतो?"

सीमानं सांगितलं, "म्हणाले, आयेचो शब्द. तिका येऊ दे." मग पटकन म्हणाली, "पण काका वर नकोत, म्हणाले."

शेवंतीनं स्पीकर बंद करायच्या आधीच इनासनं ते ऐकलं होतं. "जाऊ आपण," तो म्हणाला. "तू वर जा. मी खाली बसतो. मला खाली बसायची सवय आहे."

*

चौकात मांडव होता. मिरचीगल्लीतल्या मसाला कुटायच्या डंखांचा धपधप आवाज भिंतीपलीकडून येत होता आणि वाऱ्याबरोबर तिखटाची झुळूक. कुणी ना कुणी शिंकत होतं. मांडवाच्या कडेला बँडवाले वाद्यं पुसत होते. इनास एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. गुडघ्यावर दोन्ही हात, डोक्यावर हॅट, पायांत केवढे तरी जाड बूट.

"जा," तो म्हणाला. "मुसळ जड असतं. कंबर सांभाळ."

शेवंती जिना चढली. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत वेताच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, चौकाकडे पाठ करून. केस पांढरे, भुवया मात्र काळ्या तशाच. तिनं वाकून पायांना हात लावला.

"इलंस?" गंगाधर म्हणाला.

"इलंय."

"बरां केलंस. आत जा, बाया थांबल्यात." त्याच्या हातातली काठी उगाच जमिनीवर घासत होती.

आत तेच उखळ. तीच दोन मुसळं, आंब्याच्या ताज्या डहाळीनं बांधलेली. भिंतीला टेकून शेजारची मीराबाई बसली होती. नव्वदीची, दात दोन, पण जीभ शाबूत. शेवंतीला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "काय गो शेवंते, लोक म्हणतत तू देव बदललंस. मग मंगळसूत्र घालतंस की क्रूस?"

सीमा कानकोंडी होऊन म्हणाली, "आजी, काहीतरी काय विचारता?"

शेवंतीनं मात्र पदराआडून मंगळसूत्र बाहेर काढलं. काळ्या मण्यांत दोन वाट्या, आणि त्यांच्या मधोमध नखाएवढा चांदीचा क्रूस. "वाट्या मी केल्या. क्रूस सासूनं दिला. एकाच दोऱ्यात आहेत, मीरामावशी. दोरा एवढी वर्षं तुटला नाय."

मीराबाईनं तो क्रूस दोन बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला. "सासू बरी होती तुझी. आमच्या सासूनं सुपारी नाय दिली कधी."

हसू फुटलं आणि खोली सैल झाली. सीमानं नुसती तालीम म्हणून आपला उखाणा म्हणून दाखवला.

लालबागच्या डंखावर लाल मिरची झाली बारीक,
उत्तमरावांची एकच खोड, लग्नाची विसरतात तारीख.

"पप्पा, ऐकलं का?" नूपुर ओरडली. बाहेरून उत्तमचा आवाज आला, "बावीस एप्रिल!" आणि सगळ्या बाया एकदम, "तेवीस!"

मग नूपुरनं शेवंतीचा हात धरून तिला उखळापाशी बसवलं. "चला आत्याआजी. नाव घ्या. तुमच्याशिवाय माझी हळद अडलीय."

विचारलं. पन्नास वर्षांनी, याच खोलीत, कुणीतरी विचारलं.

शेवंतीनं मुसळाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापलीकडे भावाची पाठ दिसत होती. ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि हात मांडीवर परत ठेवला.

"पोरी, मी यासाठी समुद्र ओलांडून आले," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गॅलरीत जाईल इतका होता. "पण ज्याचं नाव घ्यायचं तो खाली खुर्चीत आणि मी वर मानाच्या पाटावर, असं नाव नाय घेणार मी. चोरून घ्यायचं असतं तर टॅक्सीतच घेतलं असतं."

"आत्या," सीमा हळूच म्हणाली, "आजचा दिवस..."

"आजचाच दिवस आहे गो. उद्या उंबरा नाय. पण अर्धं नाव घेण्यापेक्षा नाव न घेतलेलं बरं. तू घाल पहिला घाव. आई काय म्हणायची नाय."

नूपुर उठून गॅलरीत गेली, आजोबांसमोर उभी राहिली, काही बोलणार इतक्यात खाली चौकातून एक आवाज आला. रेडा चिखलात रुतल्यावर काढील तसा.

सगळ्या बाया गॅलरीत धावल्या.

खाली इनास उभा होता, बँडवाल्या दगडूचा ट्रम्पेट हातात घेऊन. दगडू काळजीनं म्हणत होता, "अंकल, राहू द्या, दम लागेल." इनासनं त्याला हातानं थांबवलं, अंगठ्यानं कवळी नीट बसवली, हॅट खुर्चीवर ठेवली आणि मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग पुन्हा ओठ लावले.

या वेळी सूर निघाला. कापरा, फुटका, मधेच हवेत विरणारा. पण ओळ कळत होती. घाणा भरा गो बायांनो. मीराबाई भिंतीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "ही तर सखूची चाल!" आणि तिच्या दोन दातांतून पुढची ओळ आपोआप बाहेर आली, हळद झाली पिवळी. शेवंतीनं तिला साथ दिली. मग सीमानं. खालून ट्रम्पेट, वरून बाया. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला, कोवळी म्हणताना, ट्रम्पेटला वरचा सूर गाठायचा होता. तो तिथवर गेला, डगमगला आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा फुस्स करून बसला.

वेताची खुर्ची करकरली. गंगाधर केव्हा वळला, केव्हा उठला, कुणी पाहिलं नाही. तो कठड्यावर ओणवा झाला होता, काठी पडली होती, आणि दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडत होता.

"इनासा! तुझ्या पिपाणीक अजून सूर नाय रे!"

चाळभर आवाज घुमला. डंखसुद्धा थांबल्यासारखे वाटले.

गंगाधरचे हात तोंडापाशी तसेच राहिले. आपण काय केलं हे त्याला आत्ता कळत होतं.

"आजोबा," नूपुर म्हणाली, "तुम्ही नाव घेतलंत."

"आणि तांपण उखाण्याबिगर!" आतून मीराबाई.

असा हशा उसळला की खालच्या मजल्यावरचे लोकही बाहेर आले. गंगाधर सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता, काळ्या भुवया आधी आवळलेल्या, मग एक उचललेली, मग दोन्ही खाली आलेल्या. तो हसला नाही. पण चेहऱ्यावरची जुनी घडी उघडली. पुन्हा कठड्यावर झुकला, या वेळी हातांचा भोंगा न करता.

"खाली काय बसलंस? वर ये."

"गुडघे गेले, मॅन गंगा," खालून इनास म्हणाला. "वेळ लागेल."

"इतको लागलो, आणखी लागू दे."

वेळ लागलाच. उत्तम खाली धावला, एका बाजूनं तो आणि एका बाजूनं दगडू, ट्रम्पेट बगलेत मारून. प्रत्येक मजल्यावर लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. तिसऱ्या मजल्यावर इनास आला, धापा टाकत, बूट काढायला वाकला. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. बूट कडेला ठेवून तो सवयीनं गॅलरीतच थांबला. पन्नास वर्षांपूर्वी चहा प्यायला बसला होता बरोबर तिथंच, उंबऱ्याच्या अलीकडे.

दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले.

"तुला सांगायला हवं होतं मी तेव्हा," इनास म्हणाला. "भीती वाटली. तू नाही म्हणाला असतास तर मी गेलो असतो रे परत. म्हणून नाही सांगितलं."

गंगाधरनं त्या अंगठ्याकडे पाहिलं. "तिका मोजे शिवूक येत नाय काय?"

"तिला सगळं येतं. मी दाखवत नाही."

"म्हणजे अजून लपवतंसच." गंगाधरनं त्याच्या कोपराला धरलं. "आता काय पत्रिका छापू? आत चला, भावोजी."

"उजवा पाय! उजवा पाय आधी!" मीराबाई ओरडली. "नवी नवरी येता!"

हसण्याच्या लाटेवरूनच जणू इनास उंबरा ओलांडून आत आला. उजवा पाय, मोज्याबाहेर न आलेल्या अंगठ्याचा. नूपुरनं त्याला सखुबाईंच्या फोटोखाली पाटावर बसवलं. गंगाधर दारातच थांबला, चौकटीला हात लावून. बायांच्या घाण्यात पुरुषांचं काम नसतं, पण आज त्याला कुणी जा म्हटलं नाही.

"हां, आता," सीमा म्हणाली.

"आता," नूपुर म्हणाली.

शेवंतीनं इतक्या वर्षांत किती उखाणे जुळवले होते. भांडी घासताना, बसची वाट बघताना, बर्फाळ खिडकीवर बोटानं रेघा ओढताना. गुलाबाचे, चंद्राचे, नायगाऱ्याच्या धबधब्याचेसुद्धा. आत्ता त्यातला एकही आठवेना. समोर इनास बसला होता, हात गुडघ्यांवर, कान पुढे, श्वास रोखून. ट्रम्पेटची गोल खूण ओठांवर अजून लाल होती.

तिनं उखळाच्या काठावर तळहात ठेवला. दगड गार होता, आणि खोबणीत मागच्या कुठल्या तरी हळदीचा पिवळा धागा अजून होता. मीराबाईच्या तोंडून कुणाचा आवाज आला कोण जाणे. "नाव घेतल्याबिगर मुसळाक हात लावूचो नाय हां!"

"घेते," शेवंती म्हणाली. दोन्ही हातांनी तिनं बांधलेली मुसळं उचलली, मान वर केली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बर्फाच्या गावी संसार केला, माहेरचा उंबरा ठेवला मनी,
आईच्या उखळाशी बसून सांगते, इनास परेरा माझा धनी!"